ऑडीच्या चार कड्या कुणाच्या?

१० मार्च १९८५. मेलबर्नच्या मैदानावर भारतानं पाकिस्तानला हरवलं, सुनील गावसकरांच्या हातात चषक आला आणि ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरलेल्या रवी शास्त्रींना बक्षीस मिळाली एक मोटार. पुढचं दृश्य ज्यांनी पाहिलं ते आजही सांगतात. शास्त्री गाडीत, बाकीचा संघ कुणी बॉनेटवर तर कुणी टपावर, आणि ती गाडी मैदानाला चक्कर मारतेय. तोवर ‘ऑडी’ हा शब्द आपल्याकडे फारसा कुणाच्या कानावर पडलेला नव्हता. त्यानंतर तो ‘शास्त्रीची ऑडी’ म्हणून घरोघरी गेला.

गाडी होती ऑडी १००. तिच्या नाकावर एकमेकींत अडकवलेल्या चार कड्या होत्या. लहानपणी आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं की चार कड्या म्हणजे चार चाकं. बरीच वर्षं ते खरं वाटलं. खरी गोष्ट कळली तेव्हा मात्र मी या कंपनीच्या इतिहासात अडकलो तो अडकलोच.

हा इतिहास पहिल्यांदा वाचताना गोंधळ होतो. एका माणसानं दुकान काढलं, मुलांनी वाढवलं, नातवंडांनी शेअर बाजारात नेलं, असा सरळ धागा इथे नाही. आजच्या ऑडीचं नाव एका माणसाकडून आलंय, गाडी पुढच्या चाकांनी ओढायची विद्या दुसऱ्याकडून, गाव युद्धामुळे बदललं आणि कंपनीचा कायदेशीर देह तर विणकामाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याचा आहे. मध्ये पंचवीस वर्षं अशी गेली की ऑडी हे नाव एकाही नव्या गाडीवर नव्हतं. तरीही ते मेलं नाही. ते कसं टिकलं, तेच सांगायचंय.

‘ऐक!’

आऊगुस्ट होर्ख हा मोझेल नदीकाठच्या विनिंगेन गावच्या लोहाराचा मुलगा, जन्म १८६८चा. त्यानं अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं आणि मानहाइमला कार्ल बेंझच्या कारखान्यात नोकरी धरली. मोटार नावाची वस्तू जगात आणणाऱ्या माणसाच्या हाताखाली तीन वर्षं काढल्यावर, १८९९मध्ये, त्यानं कोलोन शहरात स्वतःचं दुकान थाटलं. पुढे भांडवलाच्या शोधात तो पूर्वेला सॅक्सनी प्रांतात गेला आणि १९०४मध्ये त्स्विकाऊ शहरात त्याची कंपनी भागधारकांची झाली. कंपनीचं नाव अर्थातच होर्ख.

भागधारकांची कंपनी म्हणजे काय, हे त्याला पाच वर्षांत कळलं. पैसा लावणाऱ्यांशी आणि हिशेब सांभाळणाऱ्यांशी त्याचं बिनसलं. १९०९मध्ये तो स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडला आणि महिन्याभरात त्याच शहरात दुसरी मोटार कंपनी काढली. तिलाही त्यानं आपलंच नाव दिलं. जुन्या कंपनीनं दावा लावला आणि न्यायालयानं निकाल दिला की ‘होर्ख’ हे नाव आता त्या कंपनीची मालमत्ता आहे. माणूस होर्ख, पण मोटारीवर होर्ख लिहायची त्याला बंदी!

नवं नाव ठरवायला मंडळी फ्रान्त्स फिकेन्चर या भागीदाराच्या घरी जमली. होर्खच्या आठवणीनुसार फिकेन्चरचा मुलगा खोलीच्या कोपऱ्यात लॅटिनचा अभ्यास करत बसला होता. मोठ्यांचा वाद चालला होता आणि पोरगा मधूनच काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, पुन्हा गप्प बसत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, होर्खऐवजी ऑडी ठेवलं तर?

जर्मन भाषेत ‘होर्ख’ म्हणजे ‘ऐक’. कान दे, अशा अर्थाची आज्ञा. लॅटिनमध्ये ‘ऐक’ला म्हणतात ‘ऑडी’. न्यायालयानं नाव काढून घेतलं होतं, अर्थ काढून घेतला नव्हता. शाळकरी पोरानं तो दुसऱ्या भाषेतून परत आणला. २५ एप्रिल १९१० रोजी कंपनीची ऑडी या नावानं नोंद झाली. (जर्मन लोक उच्चार ‘आउडी’ असा करतात. आपल्याकडे ऑडी रुळलंय, तेच इथे चालू ठेवतो.)

आता त्स्विकाऊत होर्ख आणि ऑडी अशा दोन कंपन्या झाल्या. दोन्ही एकाच माणसानं काढलेल्या, दोन्हींची नावं एकाच अर्थाची आणि दोघी एकमेकींच्या स्पर्धक. पहिल्या महायुद्धाआधी ऑडीनं ऑस्ट्रियातल्या आल्प्स पर्वताच्या शर्यतींत चांगलं नाव काढलं. १९२०मध्ये होर्ख बर्लिनला निघून गेला आणि त्याच्या दोन्ही कंपन्या त्याच्याशिवाय चालू राहिल्या.

चार कड्या

पहिल्या दोन कड्या होर्ख आणि ऑडी. तिसरी कडी एका डेन्मार्कच्या माणसाची. योर्गन स्काफ्टे रासमुसेननं सॅक्सनीतल्याच चोपाऊ गावात कारखाना टाकला होता. पहिल्या महायुद्धात त्यानं वाफेवर चालणारी गाडी करून पाहिली. वाफेच्या गाडीला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याची आद्याक्षरं डीकेडब्ल्यू. गाडी काही जमली नाही, अक्षरं मात्र राहिली. पुढे त्यानं खेळण्यातलं छोटं इंजिन काढलं आणि त्याच अक्षरांचा अर्थ लावला ‘पोराची इच्छा’. मग तेच इंजिन मोठं करून सायकलला बसवलं आणि अर्थ लावला ‘छोटा चमत्कार’. या चमत्कारानं इतकं मार्केट मारलं की १९२०च्या दशकाच्या अखेरीस डीकेडब्ल्यू जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल कंपनी होती.

तिचं गुपित होतं टू-स्ट्रोक इंजिन. ज्यांनी जुनी बजाज चेतक चालवली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पंपावर पेट्रोलमध्ये मोजून ऑइल टाकून घ्यायचं आणि सकाळी किक मारली की मागून निळसर धूर. या इंजिनात व्हॉल्व्हची भानगड नसते, हलणारे भाग कमी, म्हणून ते स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. बदल्यात ते पेट्रोलबरोबर थोडं ऑइलही जाळतं. हा धूर लक्षात ठेवा, पुढे तो कंपनीच्या मुळावर उठणार आहे.

१९२८मध्ये रासमुसेननं अडचणीत आलेली ऑडी विकत घेतली आणि तिच्या त्स्विकाऊच्या कारखान्यात स्वस्त, छोटी मोटार बनवायचं ठरवलं. १९३१च्या सुरुवातीला बर्लिनच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. सुमारे सहा आठवड्यांत तिचा आराखडा झाला, असं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. नाव डीकेडब्ल्यू एफ १. तिचं वेगळेपण असं की तिची पुढची चाकं गाडी ओढत.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना असे. इंजिनापासून मागच्या धुरीपर्यंत माणसांच्या पायाखालून एक लांब लोखंडी दांडा जायचा. वजन वाढायचं, गाडीचा तळ उंच ठेवावा लागायचा, खर्चही यायचा. पुढच्याच चाकांना जोर दिला की तो दांडाच लागत नाही. अडचण एवढीच की जी चाकं वळवायची तीच फिरवायचीही, म्हणजे तिथे वळता वळता जोर पोचवणारे सांधे हवेत. डीकेडब्ल्यूनं हे स्वस्तात जमवलं आणि महायुद्धापर्यंत अशा अडीच लाखांहून जास्त गाड्या विकल्या. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर विकून दाखवणाऱ्या पहिल्या काही कारखान्यांत ऑडीची त्स्विकाऊतली ती इमारत होती.

चौथी कडी केम्निट्स शहरातली वांडरर. सुरुवात सायकलींपासून, मग मोटारसायकल, मग मध्यमवर्गाला परवडणाऱ्या टिकाऊ मोटारी.

१९२९ची जागतिक मंदी आली आणि चौघींचंही कंबरडं मोडलं. रासमुसेनच्या उद्योगात सॅक्सनीच्या सरकारी बँकेचा बराच पैसा अडकला होता. बँकेपुढे प्रश्न होता की एकेकीला बुडताना बघायचं, की सगळ्यांची एकच मोट बांधायची. २९ जून १९३२ रोजी मोट बांधली गेली. होर्ख, ऑडी आणि डीकेडब्ल्यू एक झाल्या आणि वांडररचा मोटारींचा विभाग त्यांना जोडला. नाव ऑटो युनियन, मुख्यालय केम्निट्स. चिन्ह म्हणून चार कड्या एकमेकींत ओवल्या.

चारही नावं चालू ठेवली आणि बाजार वाटून दिला. डीकेडब्ल्यूकडे मोटारसायकली आणि छोट्या गाड्या, वांडररकडे मधल्या, ऑडीकडे त्याहून वरच्या आणि होर्ख अतिश्रीमंतांसाठी. ही कंपनी जर्मनीत ओपेलच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाची झाली. तिच्या पर्यवेक्षक मंडळावर म्हातारा आऊगुस्ट होर्खही आला. न्यायालयात हरलेलं नाव आणि पोरानं सुचवलेलं नाव एकाच छताखाली आल्याचं त्याला पाहायला मिळालं.

युद्ध

या काळाबद्दल लिहिताना बहुतेक लोक चंदेरी शर्यतीच्या गाड्यांकडे वळतात. त्या खरंच विलक्षण होत्या. फर्डिनांड पोर्शनं आराखडा केलेली, चालकाच्या पाठीमागे सोळा सिलिंडरांचं इंजिन असलेली गाडी. बेर्न्ट रोझमायर तिच्यावर १९३६चा युरोपीय विजेता झाला आणि जानेवारी १९३८मध्ये फ्रांकफुर्टजवळच्या महामार्गावर वेगाचा विक्रम करताना मेला. पण या गाड्यांमागे नाझी राजवटीचा पैसा आणि प्रचार होता, हे वगळून त्यांचं कौतुक करणं मला पटत नाही. पुढे युद्धात याच कंपनीनं जे केलं ते तर त्याहून फार काळं आहे.

ऑटो युनियनचे कारखाने लष्करासाठी माल बनवू लागले आणि माणसं कमी पडली तेव्हा गुलाम आणले गेले. कंपनीनंच नेमलेल्या इतिहासकारांचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एसएस या नाझी संघटनेनं उभारलेल्या सात छावण्यांमधले ३,७००हून अधिक कैदी कंपनीसाठी राबले. आणखी सुमारे १६,५०० जणांना त्स्विकाऊ आणि केम्निट्सच्या कारखान्यांत सक्तीनं जुंपलं गेलं. लाइटमेरित्स इथल्या छावणीत या कंपनीच्या उत्पादनासाठी डोंगराखाली बोगदे तयार करायला १८,००० कैदी लावले होते. त्यातले सुमारे ४,५०० मेले. त्या वेळी कंपनीचा प्रमुख होता रिचर्ड ब्रून. अभ्यासकांनी त्याच्यावर नैतिक जबाबदारी ठेवली. युद्धानंतर तोच माणूस नव्या कंपनीचाही प्रमुख झाला. ऑडीचा इतिहास सांगताना हे आकडे तळटीपेत टाकायचे नसतात.

पूर्वेला कारखाना, पश्चिमेला नाव

१९४५मध्ये सॅक्सनी सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेला. युद्धाची भरपाई म्हणून कारखान्यांतली यंत्रं उचलून पूर्वेला नेली गेली आणि १७ ऑगस्ट १९४८ रोजी ऑटो युनियनचं नाव केम्निट्सच्या नोंदवहीतून खोडलं गेलं. कागदोपत्री कंपनी संपली.

इमारती आणि कामगार मात्र तिथेच होते. त्स्विकाऊत पूर्व जर्मनीच्या सरकारनं पुन्हा मोटारी सुरू केल्या आणि १९५७पासून तिथे निघाली ट्राबांट. तीच ती धूर सोडणारी गाडी, जी १९८९मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हा रांगा लावून पश्चिमेत शिरताना जगानं पाहिली. पुढची चाकं ओढणारी, टू-स्ट्रोक इंजिनाची. म्हणजे वंशानं थेट डीकेडब्ल्यूची लेक. चोपाऊत एमझेड मोटारसायकली बनू लागल्या. डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ या मोटारसायकलीचा आराखडा तर युद्धभरपाईत जगभर वाटला गेला. इंग्लंडची बीएसए, अमेरिकेची हार्ले, रशियाची मॉस्क्वा तिच्यावरून निघाल्या. १९५५मध्ये यामाहानं आपली पहिली मोटारसायकल काढली तीही हिच्याचवरून.

कंपनीचे काही वरिष्ठ मात्र पश्चिमेला बव्हेरियात पळून आले होते. त्यांच्याकडे कारखाना नव्हता, यंत्रं नव्हती. होतं ते गिऱ्हाईक. पश्चिम जर्मनीत डीकेडब्ल्यूच्या हजारो गाड्या अजून धावत होत्या. प्लायवूडच्या सांगाड्यावर रेक्झिन ताणलेल्या या गाड्या सैन्यानं फारशा ओढून नेल्या नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या होत्या. त्यांना सुटे भाग कोण देणार?

डिसेंबर १९४५मध्ये इंगोलश्टाट या डॅन्यूबकाठच्या जुन्या लष्करी गावात सुट्या भागांचं कोठार सुरू झालं. आजच्या ऑडीचं मुख्यालय इंगोलश्टाटला का, याचं उत्तर हे कोठार. सुटे भाग विकता विकता मंडळींनी बव्हेरिया सरकारचं कर्ज आणि मार्शल योजनेचा, म्हणजे अमेरिकेच्या मदतीचा, पैसा मिळवला आणि ३ सप्टेंबर १९४९ रोजी नवी ऑटो युनियन नोंदवली. पहिला माल एक डिलिव्हरी व्हॅन आणि आरटी १२५ मोटारसायकल. दोन्हींवर नाव डीकेडब्ल्यू. ऑडी हे नाव कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पडद्याआडची गाडी

१९५८मध्ये डाइमलर-बेंझनं, म्हणजे मर्सिडीजवाल्यांनी, ही कंपनी घेतली. पण लोकांच्या हातात पैसा आला होता. मोटारसायकल नको, गाडी हवी आणि गाडी धुराची नको. टू-स्ट्रोकची नवी डीकेडब्ल्यू १९६३मध्ये आली आणि आवारात न विकलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या.

मर्सिडीजनं आपला एक इंजिनिअर इंगोलश्टाटला पाठवला होता. लुडविग क्राउस त्याचं नाव. त्यानं सोबत मर्सिडीजमध्ये जन्मलेलं नवं फोर-स्ट्रोक इंजिन आणलं. ते धुराच्या गाडीत बसवलं आणि प्रश्न आला की हिला काय म्हणायचं. डीकेडब्ल्यू म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे निळा धूर. तेव्हा कुणीतरी कपाटातलं जुनं नाव काढलं. १९६५मध्ये ती गाडी ‘ऑडी’ या नावानं बाजारात आली.

तोवर मालक बदलला होता. मर्सिडीजनं कंपनी फोक्सवॅगनला विकायला काढली होती. १९६५च्या सुरुवातीला निम्म्याहून जास्त हिस्सा गेला, १९६६ संपेपर्यंत सगळी कंपनी. फोक्सवॅगनला ऑडीत काडीचा रस नव्हता. बीटल गाडीला इतकी मागणी होती की त्यांना फक्त जागा आणि कामगार हवे होते. इंगोलश्टाटच्या कारखान्यात १९६५ ते १९६९ या काळात सुमारे साडेतीन लाख बीटल जोडल्या गेल्या. फोक्सवॅगनचे प्रमुख हाइन्ट्स नॉर्डहॉफ यांचा हुकूम स्पष्ट होता. इंगोलश्टाटनं नवी गाडी तयार करायची नाही. आहे त्या गाडीच्या बाह्यांगात किरकोळ फेरफार तेवढे चालतील.

क्राउसनं हुकूम पाळला, आपल्या पद्धतीनं. किरकोळ फेरफाराच्या नावाखाली त्यानं आख्खी नवी, मोठी गाडी आखायला घेतली. रेखाटनं झाली, मातीचा पूर्ण आकाराचा नमुना उभा राहिला. अर्थात असलं काही फार दिवस लपत नाही. इंगोलश्टाटचे प्रमुख रुडॉल्फ लायडिंग यांच्या नजरेस नमुना पडला. हा माणूस फोक्सवॅगननंच तिथे बसवलेला होता. तो वर कळवून क्राउसची नोकरी घालवू शकला असता. त्यानं नमुना नीट पाहिला आणि नॉर्डहॉफना तो दाखवायचं ठरवलं.

नॉर्डहॉफ आले, गाडीभोवती फिरले आणि त्यांनी मंजुरी दिली. आपलाच हुकूम मोडून बनलेल्या गाडीला! एप्रिल १९६८मध्ये ते वारले, त्यामुळे गाडी बाजारात आलेली त्यांना दिसली नाही. नोव्हेंबर १९६८मध्ये ती लोकांसमोर आली. सर्वांत वरच्या मॉडेलचं इंजिन शंभर अश्वशक्तीचं, म्हणून नाव ऑडी १००. पहिल्याच पिढीच्या आठ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या आणि इंगोलश्टाट हे बीटल जोडायचं गाव होता होता वाचलं.

शास्त्रींना मेलबर्नला मिळाली ती याच ऑडी १००ची तिसरी पिढी. क्राउसनं तो मातीचा नमुना केला नसता तर त्या दिवशी मैदानात दुसरीच कुठलीतरी गाडी उभी असती.

पाचवी कडी, जी चिन्हात नाही

नेकारझुल्म गावची एनएसयू ही कंपनी १८७३ची, विणकामाची यंत्रं बनवणारी. पुढे सायकली, मोटारसायकली, मोटारी. तिनं एका धाडसावर सगळं लावलं. त्याचं नाव वांकेल इंजिन. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि ती ये-जा मग गोल फिरण्यात बदलावी लागते. फेलिक्स वांकेलनं विचार केला की मुळातच गोल फिरणारं इंजिन का नको? भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत तीन कोनांचा गोळा फिरतो. हादरे जवळपास नाहीत, आवाज मऊ. १९६७ची एनएसयू आरओ ८० ही या इंजिनाची गाडी दिसायला काळाच्या पंधरा वर्षं पुढे होती.

पण गोळ्याची तीन टोकं भिंतीला सतत घासत आणि त्यावरच्या पट्ट्या झिजत. कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून बदलून थकली. १९६९मध्ये फोक्सवॅगननं तिला ऑडीशी जोडलं. विलीनीकरण करताना ऑटो युनियन एनएसयूमध्ये मिळवली गेली. म्हणूनच मी म्हटलं की ऑडीचा कायदेशीर देह विणकामाच्या कारखान्याचा. १९८५च्या सुरुवातीला ‘ऑडी एनएसयू ऑटो युनियन’ हे लांबलचक नाव टाकून कंपनी फक्त ‘ऑडी’ झाली आणि मुख्यालय नेकारझुल्महून इंगोलश्टाटला आलं. मेलबर्नच्या सामन्याच्या सव्वादोन महिने आधीची ही गोष्ट.

बैलांची पात आणि क्वाट्रो

ऑडीला मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या पंगतीत बसवलं ते क्वाट्रोनं, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या मोटारीनं. १९७६-७७च्या हिवाळ्यात ऑडीचे इंजिनिअर फिनलंडच्या बर्फात गाड्या तपासत होते. सोबत लष्करासाठी बनवलेली इल्टिस नावाची जीप होती, फक्त ७५ अश्वशक्तीची. बर्फात तिनं तिच्याहून कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकलं, कारण तिची चारही चाकं जोर लावत होती. योर्ग बेन्झिंगर या इंजिनिअरला वाटलं, हेच साध्या मोटारीत का नको? त्यानं ते फर्डिनांड पीएखच्या कानावर घातलं. पीएख तेव्हा ऑडीचा तांत्रिक प्रमुख होता. सोळा सिलिंडरांची ती शर्यतीची गाडी आखणाऱ्या पोर्शचा तो नातू.

चारही चाकांना जोर देण्यात अडचण कुठे येते? खळ्यावरची मळणी आठवा. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा तिवड्याजवळचा बैल थोडं चालतो आणि कडेचा खूप. दोघांना सारख्याच पावलांनी चालवलं तर पात मोडेल. गाडी वळते तेव्हा चाकांचंही असंच होतं. आतलं चाक कमी अंतर कापतं, बाहेरचं जास्त. म्हणून धुरीच्या मध्ये डिफरन्शियल असतं, जे दोन्ही चाकांना आपापल्या गतीनं फिरू देतं. पण पुढची आणि मागची चाकंही वेगवेगळं अंतर कापतात. तेव्हा त्यांच्यामध्ये तिसरं डिफरन्शियल हवं. जीपमध्ये त्यासाठी वेगळी अवजड पेटी बसवतात. मोटारीत तिला जागा नाही.

फ्रान्त्स टेंग्लर या इंजिनिअरनं काढलेली वाट इतकी साधी आहे की ती वाचून मला फार आनंद झाला होता. गिअरबॉक्समधला एक दांडा त्यानं पोकळ केला. जोर त्या पोकळ दांड्यातून मागे जातो, मधल्या डिफरन्शियलमध्ये वाटला जातो आणि पुढच्या चाकांचा हिस्सा त्याच पोकळीतून दुसऱ्या बारीक दांड्यानं पुढे परत येतो. नळीतून नळी. वेगळी पेटी लागतच नाही.

जानेवारी १९७८मध्ये फोक्सवॅगनच्या वरिष्ठांना ऑस्ट्रियातल्या बर्फाळ, चढ्या घाटात नमुना दाखवला गेला. बर्फाचे खास टायर न लावता गाडी चढली. मार्च १९८०मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो आली आणि रॅलीच्या शर्यतींचं गणितच बदललं. १९८१मध्ये इटलीतली सानरेमो रॅली फ्रान्सच्या मिशेल मुतोंनं क्वाट्रोवर जिंकली. जागतिक रॅली मालिकेतली शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

दोन धक्के

१९८६मध्ये अमेरिकेत एका दूरचित्रवाणी कार्यक्रमानं दाखवलं की ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते. ऑडी ५००० म्हणजे तिकडची ऑडी १००. सरकारी चौकशीत १९८९मध्ये निष्कर्ष निघाला की चालक ब्रेकऐवजी चुकून ॲक्सिलरेटर दाबत होते. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. १९८५मध्ये अमेरिकेत वर्षाला सुमारे ७४,००० गाड्या विकणारी ऑडी १९९१मध्ये सुमारे १२,०००वर आली.

दुसरा धक्का मात्र स्वतःच्या कर्मानं. सप्टेंबर २०१५मध्ये उघड झालं की फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं. तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचं आणि रस्त्यावर आलं की सफाईची यंत्रणा ढिली सोडायचं. समूहाची तीन लिटरची डिझेल इंजिनं ऑडीची होती. २०१८मध्ये ऑडीला ८० कोटी युरो दंड झाला. माजी प्रमुख रुपर्ट श्टाडलर यांना २०२३मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं दोषी ठरवलं आणि निलंबित कारावास व ११ लाख युरोंची शिक्षा दिली. धुरामुळे ज्या कंपनीला आपलं नाव बदलावं लागलं होतं, तिनं धुराबाबतच खोटं बोलावं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुन्हा त्स्विकाऊ

आपल्याकडे ऑडीच्या गाड्यांची जोडणी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत होते, स्कोडानं उभारलेल्या कारखान्यात. बाहेरून आलेले भाग इथले मराठवाड्यातले हात जोडतात. शास्त्रींची ती ऑडी १०० २०२२मध्ये मुंबईत पुन्हा नवी करकरीत करून त्यांच्या हवाली झाली. आणि चीनमध्ये ऑडीनं २०२४मध्ये तिथल्या सरकारी कंपनीबरोबर विजेच्या गाड्यांचा वेगळा ब्रँड जाहीर केला. त्या गाड्यांच्या नाकावर कड्या नाहीत, फक्त नावाची चार अक्षरं आहेत.

ट्राबांटचं उत्पादन १९९१मध्ये थांबलं. त्याच्या आधीच, १९९०मध्ये, त्स्विकाऊच्या उत्तरेला मोझेल इथे (हे गाव, ती नदी नव्हे) फोक्सवॅगननं पाय रोवला होता. तो निर्णय घेणारे प्रमुख कार्ल हान यांचा जन्म केम्निट्सचा. त्यांचे वडील ऑटो युनियनमध्ये वरिष्ठ होते आणि युद्धानंतर इंगोलश्टाटचं कोठार उभं करणाऱ्यांपैकी एक. जुन्या ऑडी कारखान्याच्या इमारतींत आज आऊगुस्ट होर्खच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथे होर्ख, ऑडी, डीकेडब्ल्यू, वांडरर आणि ट्राबांट एकाच छताखाली उभ्या आहेत. तिथून काही किलोमीटरवर, मोझेलच्या कारखान्यात, २०२१पासून क्यू ४ ई-ट्रॉन ही विजेवर चालणारी ऑडी बनते. युद्धाच्या सुरुवातीला त्स्विकाऊतून शेवटची ऑडी बाहेर पडली होती. त्यानंतर ऐंशी वर्षांनी त्या शहरात पुन्हा ऑडी बनू लागली, आणि हिच्यातून तर धूरच निघत नाही.